बिघाडाची नोंद आणि नोंदीवरचा हक्क



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर मुळात कारखान्यातले मेंटेनन्स फिटर. सिएट, गेस्ट कीन विल्यम्स, एशियन पेंट्स अशा कारखान्यांवर भांडुप हे उपनगर पोसलं जात होतं आणि पाळी सुटली की एलबीएस मार्ग माणसांनी भरून जायचा, त्या काळातले. निवृत्तीनंतर त्यांनी टेंभीपाड्यातल्या मुलांना आधी मशीन ड्रॉइंग आणि मग संगणक शिकवला. मी त्या मुलांपैकीच एक. शिकवताना ते कारखान्यातल्या ब्रेकडाउन रजिस्टरचा दाखला वारंवार देत. मशीन बंद पडलं की आधी नोंद, मग पाना, असा त्यांचा नियम होता. तारीख, पाळी, मशीनचा नंबर, बंद पडण्यापूर्वी कसला आवाज आला, कोणता भाग गेला, काम किती वेळ थांबलं. अशा नोंदी वर्षभर साठल्या की तेच बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं हे उमगायचं.

गेली अनेक वर्षं माझी नोकरी अशाच नोंदी वाचण्याची आहे. त्या संगणक स्वतः लिहितो. प्रोग्रॅम बंद पडला की त्याच क्षणी, आपल्या नकळत, पडद्यामागे एक छोटी प्रक्रिया जागी होते आणि बिघाडाचा अहवाल तयार करते. त्या प्रक्रियेबद्दल आज बोलायचं आहे, कारण आपल्या भागात तिच्याबद्दल मला सतत विचारलं जातं. स्टेशन रोडच्या झेरॉक्सच्या दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात, ओळखीच्या घरी. संगणक हँग होतो, कुणीतरी टास्क मॅनेजर उघडतं आणि यादीत एक अनोळखी नाव दिसतं. विंडोजवर वेरफॉल्ट, क्रोमबरोबर क्रॅशपॅड हँडलर, ॲपलच्या मशीनवर रिपोर्टक्रॅश, उबुंटूवर ॲपोर्ट. मग प्रश्न येतात. हे कुठून आलं? व्हायरस आहे का? एंड टास्क मारू का?

उत्तर आधीच देऊन टाकते. खरा वेरफॉल्ट किंवा खरा क्रॅशपॅड व्हायरस नाही. तो संगणकाचाच भाग आहे, उपयोगाचा आहे आणि त्याने आपणहून काही बिघडवलेलं नसतं. बिघाड आधी झालेला असतो, हा नंतर येतो. पण सुरक्षित आहे का, या प्रश्नाचं उत्तर एवढ्याने संपत नाही. तो खराच तो आहे का, तो काय काय उचलून नेतो, आणि ते नेण्याची परवानगी कुणी दिली, हे तिन्ही पाहावं लागतं.

तो काय करतो ते जवळून पाहू. समजा, दुकानात अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा फॉर्म भरणं चाललं आहे. आधार कार्डाची पीडीएफ उघडी आहे, मुलीचा फोटो ठरावीक केबीत बसवायचा आहे, सहीचा स्कॅन वाकडा आलाय आणि मागे रांग लागली आहे. अशा वेळी पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम मेमरीतल्या एका अशा पत्त्यावर हात घालतो जो त्याला दिलेलाच नाही. प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो आणि विंडोजला कळवतो. विंडोज आधी प्रोग्रॅमलाच विचारतं, हा प्रसंग सांभाळायची काही तजवीज तू केली आहेस का? नसेल तर ते वेरफॉल्टला बोलावतं आणि बंद पडलेल्या प्रोग्रॅमचा क्रमांक त्याच्या हाती देतं.

वेरफॉल्ट प्रोग्रॅमला आहे त्या स्थितीत गोठवतो आणि टिपणं काढतो. प्रोग्रॅमचं नाव आणि आवृत्ती. ज्या मॉड्यूलमध्ये घोळ झाला त्याचं नाव, त्याची आवृत्ती, आणि त्या मॉड्यूलच्या सुरुवातीपासून नेमक्या कितव्या जागी पाय घसरला तो आकडा. मग चुकीचा कोड. परक्या मेमरीत हात घातला असेल तर हा कोड ठरलेला असतो: सी, त्यापुढे सहा शून्यं, शेवटी पाच. माझ्या कामात सगळ्यांत जास्त दिसणारा कोड हाच. ही टिपणं तुम्हालाही पाहता येतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत १००० क्रमांकाची नोंद शोधा. प्रोग्रॅम कोसळल्याची नोंद ती, आणि तिच्या मागोमाग बहुधा १००१ क्रमांकाची, म्हणजे अहवाल तयार झाल्याची. ते किचकट वाटलं तर सर्चमध्ये रिलायबिलिटी टाइप करा. दिवसागणिक एक आलेख उघडतो आणि ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसाखाली तांबडी फुली दिसते. महिनाभराच्या फुल्या एकाच प्रोग्रॅमच्या असतील तर फॉरमॅट मारायची काही गरज नाही, तो एक प्रोग्रॅम काढून नव्याने टाकावा. दुकानदार मित्रांना मी हे आग्रहाने सांगते, कारण आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर फॉरमॅट हा पहिला उपाय ठरतो आणि त्यात लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो जातात.

क्रॅशपॅडची रीत थोडी वेगळी आहे. वेरफॉल्ट घटना घडल्यावर येतो आणि काम झालं की निघून जातो. क्रॅशपॅड हँडलर मात्र क्रोम उघडल्यापासून बंद होईपर्यंत बाजूला शांत बसलेला असतो. म्हणून लोकांना त्याचा संशय जास्त येतो. काहीही कोसळलेलं नसताना हा इथे का? यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. जो प्रोग्रॅम कोसळतो आहे त्याची मेमरी आधीच विस्कटलेली असते. आपण कसे कोसळलो हे त्यालाच लिहायला लावलं तर तो भलतंच लिहील, किंवा लिहिता लिहिताच पुन्हा कोसळेल. त्यामुळे लिहिणारा वेगळा हवा, धडधाकट हवा आणि अपघाताच्या आधीपासून हजर हवा. व्हीएस कोडसारखे इतर अनेक प्रोग्रॅमही हाच हँडलर वापरतात. तेव्हा यादीत तो दोन-तीन ठिकाणी दिसला तरी घाबरू नका.

ही कल्पना काही नवी नाही. विंडोजच्या सुरुवातीच्या काळात डॉक्टर वॉटसन नावाचं असंच एक साधन होतं. शेरलॉक होम्सचा तो सोबती, जो सगळं टिपून ठेवतो. त्याची टिपणं मात्र त्याच संगणकात राहत. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि ती इंटरनेटवरून थेट मायक्रोसॉफ्टकडे जाऊ लागली. एरर रिपोर्ट पाठवू का, असं विचारणारी खिडकी आणि तिच्यातली सेंड आणि डोन्ट सेंड ही दोन बटणं इथल्या अनेकांना आठवत असतील. डोन्ट सेंड दाबणारेच जास्त होते, हेही मला ठाऊक आहे. तरी जे अहवाल पोहोचले त्यांतून जे उघड झालं ते मोठं होतं. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलं की वीस टक्के दोषांमुळे ऐंशी टक्के बिघाड होतात, आणि फक्त एक टक्का दोष निम्म्या बिघाडांना कारणीभूत असतात. हजारो दोषांच्या ढिगात आधी कशाला हात घालायचा हे त्यामुळे ठरवता येऊ लागलं. सर ज्या बेअरिंगचा शोध एका कारखान्याच्या रजिस्टरमधून घेत, तोच शोध आता साऱ्या जगाच्या रजिस्टरमधून घेता येऊ लागला.

या अहवालांनी चोरही पकडून दिलेत. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टावर रेनोस नावाच्या घातक प्रोग्रॅमने हल्ला केला. त्याच्या ओबडधोबड कामामुळे विंडोजचा एक्सप्लोरर कोसळू लागला, त्या एकाच प्रकारच्या अहवालांचा पूर आला आणि मायक्रोसॉफ्टला साथीचा पत्ता लागला. मग विंडोज अपडेटमधून त्यावरचा उतारा पाठवला गेला.

आणि १९ जुलै २०२४ तर आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला. तो शुक्रवार होता. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली. प्रोग्रॅमचा एक भाग एकवीस रकाने वाचायला गेला, आणि त्याला पुरवलेले होते वीसच. एकविसावा शोधताना तो परक्या मेमरीत शिरला. अगदी मघाशी सांगितला तसला घोळ. फक्त हा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्यात चालणारा असल्यामुळे तो एकटा कोसळला नाही, अख्खा संगणक निळ्या पडद्यावर गेला. चूक असलेली फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुंबईच्या विमानतळावर चेक-इन हाताने करावं लागलं, देशात काही ठिकाणी प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले, आणि एकट्या इंडिगोने सुमारे २०० उड्डाणं रद्द केली. पुढे मायक्रोसॉफ्टने अंदाज दिला की ८५ लाख संगणकांना फटका बसला. अहवाल पाठवणारे संगणक हा या संख्येचा फक्त एक भाग होता, हेही कंपनीने नंतर स्पष्ट केलं. कारण अहवाल पाठवायचा की नाही हे ग्राहकाच्या हातात असतं. क्राउडस्ट्राइकच्या ड्रायव्हरमध्ये पाय नेमका कुठे घसरला हे बाहेरच्या तज्ज्ञांनाही काही दिवसांत तपासता आलं, ते बिघाडाच्या क्षणी जतन झालेल्या मेमरीमुळेच, म्हणजे क्रॅश डंपांमुळेच. ही व्यवस्था नसती तर किती काळ अंधारात चाचपडावं लागलं असतं, हे या क्षेत्रात काम करणारी मी सांगू शकते.

ही झाली उपकाराची बाजू. आता सरांच्या रजिस्टरमध्ये आणि या अहवालात जो फरक आहे त्याकडे येते. त्या रजिस्टरमध्ये मशीनची नोंद असे. मशीनवर उभ्या असलेल्या कामगाराच्या खिशात काय होतं, डब्यात काय होतं, घरून कुणाचं पत्र आलं होतं, याची नसे. संगणकाच्या अहवालात मात्र ते येऊ शकतं.

कसं, ते सांगते. नाव, आवृत्ती, जागा, कोड ही झाली वरवरची टिपणं, आणि त्यांत तुमचं खासगी असं फारसं काही नसतं. पण पुष्कळदा तेवढ्याने दोष सापडत नाही. मग प्रोग्रॅमच्या मेमरीचा तुकडा सोबत जोडला जातो. त्याला आम्ही डंप म्हणतो. छोट्या डंपमध्ये प्रोग्रॅम त्या क्षणी कुठून कुठे जात होता तेवढा माग असतो. मोठ्या डंपमध्ये त्याची सगळी मेमरी असते. आणि मेमरीत काय असतं? जे त्या क्षणी उघडं होतं ते सारं. अर्धवट लिहिलेलं पत्र, आधारचा क्रमांक, नुकताच टाइप केलेला पासवर्ड, पासबुकाचा फोटो. मायक्रोसॉफ्ट आपल्या निवेदनात हे स्वतःच मान्य करतं की पर्यायी निदान माहिती सुरू असेल तर बिघाडाच्या क्षणाची मेमरी पाठवली जाऊ शकते आणि तिच्यात तुम्ही वापरत असलेल्या फाइलचे अंश अनवधानाने येऊ शकतात.

मी हे अंश पाहिले आहेत. एका कंपनीत काम करताना असाच एक डंप माझ्याकडे तपासायला आला. दोष होता अक्षरांची रुंदी मोजणाऱ्या एका फंक्शनमध्ये, अगदी किरकोळ. पण त्या फंक्शनच्या हातात त्या वेळी जो मजकूर होता तो समोर ओळीने दिसत होता: कुणीतरी साहेबांना लिहिलेला रजेचा अर्ज, आईच्या ऑपरेशनसाठी, रुग्णालयातल्या वॉर्डासकट. अर्ज पुरा झालेला नव्हता. वाक्याच्या मध्येच प्रोग्रॅम कोसळला होता. ज्याने तो लिहिला त्याला आपलं वाक्य माझ्यापर्यंत पोहोचलं हे कधीच कळणार नाही. आम्ही दोष दुरुस्त केला, डंप नियमाप्रमाणे नष्ट केला. तिथे कुणाची वाईट नियत नव्हती. तरीही ज्याचं ते होतं त्याला कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही, आणि आजचं व्याख्यान मी देते आहे ते त्यासाठी.

अशा अहवालांवर इतरांचा डोळा असतो हेही आता सिद्ध आहे. डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीच्या डेर श्पीगल या साप्ताहिकाने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेची कागदपत्रं छापली. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्या संगणकातून निघालेले विंडोजचे बिघाड अहवाल इंटरनेटच्या वाहतुकीतून वेचून काढायचे, म्हणजे त्याच्याकडे कोणतं सॉफ्टवेअर आहे, त्याची कोणती आवृत्ती आहे आणि त्यात कुठे भगदाड आहे हे आयतं कळतं, अशी ती पद्धत. तेव्हा या अहवालाचा सुरुवातीचा टप्पा कूटबद्ध न करता, उघड्यावर जात असे. आज तसं नाही, वाटेत कुणी सहज वाचू शकत नाही. पण आजारपणाची चिठ्ठी शत्रूच्या हाती लागली तर काय होतं, याचा धडा तिथे मिळाला.

दुसरं प्रकरण अलीकडचं आणि जास्त गुंतागुंतीचं. २०२३ मध्ये चीनशी संबंधित एका गटाने मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही करण्याची एक किल्ली मिळवून अमेरिकी सरकारी खात्यांची ईमेल वाचली. त्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने सांगितलं की एप्रिल २०२१ मध्ये त्यांची एक यंत्रणा कोसळली, तिच्या डंपमध्ये ही किल्ली चुकून राहिली, तो डंप सुरक्षित जाळ्यातून तपासणीच्या जाळ्यात आला आणि बहुधा तिथून ती चोरीला गेली. पुढे मार्च २०२४ मध्ये कंपनीने दुरुस्ती केली की किल्ली असलेला असा डंप आम्हाला सापडलेला नाही. म्हणजे चोरी कशी झाली हे नक्की ठरलेलं नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जगातल्या सगळ्यांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तपासनिसांना सर्वांत संभाव्य वाट कोणती वाटली, तर क्रॅश डंपची. डंप हा गुपितांचा साठा असू शकतो हे त्या घरातल्या माणसांइतकं कोण जाणणार?

लिनक्सवाल्यांनी यात निर्धास्त राहू नये. मे २०२५ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी उबुंटूच्या ॲपोर्टमध्ये आणि लिनक्सच्या सिस्टमडी या यंत्रणेच्या डंप घेणाऱ्या साधनातही अशी फट दाखवून दिली की त्याच मशीनवरच्या दुसऱ्या वापरकर्त्याला पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, मिळवता यावीत. दुरुस्त्या आल्या आहेत, अपडेट करा, इतकंच.

आता खऱ्या-खोट्याकडे. बिघाड अहवालाची प्रक्रिया हे वेशांतराला सोयीचं नाव आहे, कारण ती कधीही, कुठेही दिसली तरी कुणाला नवल वाटत नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या केसेव्हन या अँटीव्हायरस कंपनीच्या प्रयोगशाळेने एक प्रकार उघड केला. ईमेलमधून आयएसओ फाइल येते. उघडली की तिच्यात मालाच्या यादीसारखी दिसणारी एक शॉर्टकट फाइल, मायक्रोसॉफ्टचा अस्सल वेरफॉल्ट आणि त्याच्या शेजारी फॉल्टरेप नावाची एक डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला जोडून चालणारी कोडची फाइल, असते. वेरफॉल्टला ही डीएलएल लागतेच, आणि ती तो आधी आपल्या शेजारी शोधतो. शेजारची मात्र चोराची. अस्सल डिजिटल सहीच्या प्रोग्रॅमच्या आडून परकं नियंत्रण संगणकात शिरतं. आपल्या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना, व्यापाऱ्यांना मालाच्या याद्या रोजच ईमेलवर येतात. म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर सांगितलं.

यातून तपासणीचा एक नियम निघतो. नुसती सही पाहून भागत नाही, ठिकाण पाहा. टास्क मॅनेजरमध्ये नावावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन दाबा. वेरफॉल्टचं घर म्हणजे सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमधलं सिस्टम३२, किंवा बत्तीस बिटांच्या प्रोग्रॅमसाठी शेजारचं सिसवाव६४. तो डाउनलोड्समध्ये, टेम्पमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर दिसला तर काहीतरी गडबड आहे. इंटरनेटची वायर काढा आणि मगच पुढचं बघा. ठिकाणही बरोबर असून धोका असू शकतो, हे खरं आहे. २०२० मध्ये मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने असा हल्ला नोंदवला होता की वर्ड फाइलमधून आलेला घातक कोड खऱ्या वेरफॉल्टच्याच मेमरीत घुसवला जाई. तिथे वागणुकीवर लक्ष ठेवायचं. काही कोसळलेलं नाही, १००० क्रमांकाची नोंद नाही, तरी वेरफॉल्ट तासन्‌तास बसून नेटवर्क वापरतोय, हे त्याच्या स्वभावात नाही. आणि पाठवणाऱ्याला विचारून खात्री केल्याशिवाय कुणी पाठवलेल्या वर्ड फाइलमधले मॅक्रो चालू करू नका, ही सवय या सगळ्यापेक्षा जास्त वाचवते.

आणखी एक खोटा प्रकार तुमच्या घरातल्या ज्येष्ठांना नक्की सांगा. ब्राउझरमध्ये अचानक पूर्ण पडदाभर निळं किंवा तांबडं पान येतं, तुमचा संगणक क्रॅश झाला आहे, या नंबरवर फोन करा असं लिहिलेलं असतं, कधी कर्णकर्कश आवाजही येतो. बिघाड नोंदवणारी कुठलीही खरी प्रक्रिया कधीही फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की ते खोटं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फोन करून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवायचं.

आतापर्यंत संगणकाबद्दल बोलले, पण आपल्यातल्या बहुतेकांचा संगणक खिशात आहे. अँड्रॉइडवरच्या असंख्य ॲपमध्ये क्रॅशलिटिक्स नावाची अहवाल यंत्रणा बसवलेली असते. २०११ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २०१३ मध्ये ट्विटरने घेतली आणि २०१७ पासून ती गूगलकडे आहे. ती टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही, कारण ॲपच्या पोटातच असते. अहवालाला आणखी काय जोडायचं हे ॲप लिहिणारा ठरवतो. वापरकर्त्याचा क्रमांक जोडता येतो, शेवटी कोणती बटणं दाबली तेही जोडता येतं. जबाबदार मंडळी यात फोन नंबर किंवा नाव घालत नाहीत. पण घातलं तर तुम्हाला ते बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. या बाबतीत माझ्या व्यवसायातल्या तरुण मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे. दोष शोधायला लागतं तेवढंच जोडा. अहवाल पलीकडे कुणीतरी माणूस उघडणार आहे.

मग उरतो तो परवानगीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे. एक्सपीच्या काळातली ती खिडकी लोकांना कटकट वाटायची, पण ती विचारत तरी होती. विंडोज १० आणि ११ मध्ये ती बहुतेक वेळा येतच नाही. नवा संगणक सुरू करताना एकदाच काही पानं येतात, लॅमिंग्टन रोडवर मशीन जोडून देणारा मुलगा ती भराभर पुढे ढकलतो आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्या एका क्लिकच्या नावावर सगळं चालतं. फायरफॉक्सची रीत मला यापेक्षा आवडते. तो कोसळल्यावर विचारतो, आणि कोणत्या पानावर होतात त्याचा पत्ता जोडू का, हेही वेगळं विचारतो. असं विचारण्याला आपल्याकडे आता कायद्याचंही पाठबळ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यावर उभा राहिलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याप्रमाणे संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती आणि समजून दिलेली असायला हवी. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची मुभा दिली पाहिजे, असंही त्यात आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे.

वरवरच्या टिपणांना वैयक्तिक माहिती म्हणावं का, यावर वकील वाद घालतील. पण ज्या डंपमध्ये आधार क्रमांक येऊ शकतो त्याबद्दल वादाला फारशी जागा मला दिसत नाही. कोकण नगरमधल्या बाईला तिच्या भाषेत, दोन ओळींत कळलं पाहिजे: प्रोग्रॅम बंद पडला, त्याचा दोष शोधायला ही माहिती पाठवायची आहे, तीत तुमच्या उघड्या कागदाचा भाग असू शकतो, पाठवू का? आणि नाही म्हणण्याचं बटण हो म्हणण्याच्या बटणाएवढंच मोठं पाहिजे. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. मी याच क्षेत्रात आहे म्हणून ठामपणे सांगते, एका माणसाचं काही दिवसांचं काम आहे ते. होत नाही, कारण कुणी मागत नाही. आपल्याकडची ग्राहक चळवळ जुनी आहे, वजनकाट्यापासून औषधांच्या किमतींपर्यंत तिने भांडून मिळवलं आहे. तिने हा विषय हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत काय करायचं? माझं मत असं की ही प्रक्रिया सरसकट बंद करू नये. सेवा बंद केली तर दोष जगाला कळत नाही आणि तुम्हालाही बिघाडाची नोंद मिळेलच असं नाही. घरच्या संगणकावर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक उघडा आणि ऑप्शनल असं लिहिलेलं बटण बंद ठेवा. मग वरवरची टिपणं जातील, मेमरी जाणार नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्येही क्रोम सुधारायला मदत करण्याचं असंच एक बटण आहे. ते तुम्ही स्वतः पाहून ठरवा.

झेरॉक्सची दुकानं, क्लासेस, दवाखाने, सोसायट्यांची ऑफिसं यांची गोष्ट वेगळी. तिथे पडद्यावर स्वतःचं नसतं, दुसऱ्याचं असतं. त्यामुळे तिथे हे ऑप्शनल बटण बंद असणं मी सक्तीचं मानते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि अशा दुकानांत जुनी मशीन आणि क्रॅक केलेलं विंडोज अजून पुष्कळ आहे. क्रॅकबरोबर काय आत येतं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि वेरफॉल्टच्या नावाने जे खोटं फिरतं ते अशा वाटेनेही येऊ शकतं. शिवाय न पाठवलेले अहवालही डिस्कवर साठून राहतात. डिस्क क्लीनअपमध्ये विंडोज एरर रिपोर्टिंग आणि मेमरी डंप अशा नावांच्या ओळी येतात, त्यांवर खूण करून महिन्यातून एकदा साफ करा. आणि संगणक भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये देताना आतली डिस्क आधी काढून घ्या. गिऱ्हाइकांचे आधार, दाखले, सह्या यांचे तुकडे तिच्यावर कुठल्या फाइलमध्ये पडले आहेत हे फोल्डर उघडून बघणाऱ्याला दिसत नाही, पण डंप वाचता येणाऱ्याला दिसतं.